आपल्या शेताखालचा खडक : खात्रीची माहिती कोठे शोधावी?



बियाण्याची पिशवी घेताना आपण तिच्यावरील उगवणशक्ती व तपासणीची तारीख पाहतो. खताच्या गोणीवरील नत्र, स्फुरद, पालाशाचे आकडे वाचतो. मात्र विहीर किंवा बोअर घेण्याच्या वेळी, ज्यात एका हंगामाची नव्हे तर कित्येक वर्षांची मिळकत गुंतते, जमिनीखालच्या खडकाबद्दल कोणी काय सांगितले आणि कशावरून सांगितले, हे आपण सहसा विचारीत नाही. पूर्वी ही माहिती पाणाड्या देत असे. आता ती मोबाइलवर येते. प्रशिक्षण वर्गात जेवणाच्या सुट्टीत दोन-चार शेतकरी तरी मोबाइल पुढे करून विचारतात, "सर, यात सांगितलंय ते खरं का?"

माझा विषय कृषिविद्या. खडकांचे शिक्षण पदवीच्या काळात मृदाशास्त्राच्या जोडीने जेवढे झाले तेवढेच. पुढचा अभ्यास मी घरी बसून, बराचसा इंटरनेटवरूनच केला आणि तो करण्यापूर्वी पैसे घालवून बसलो. म्हणून आधी तो अनुभव सांगतो.

आमची शेती पारनेर तालुक्यात आहे. २०१८ च्या दुष्काळात विहिरीने डिसेंबरातच तळ दाखविला. डाळिंबाची बाग जगवायची म्हणून बोअर घेण्याचे ठरले. साडेतीनशे फुटांपर्यंत धुरळाच निघाला. गाडीवाला थांबूया म्हणत होता. पण मी आदल्या रात्री एक चित्रफीत पाहिली होती. काळ्या खडकाच्या खाली पाचशे फुटांवर नद्या वाहतात, असे तीत छातीठोकपणे सांगितले होते. कोणी मोजले, कोणत्या जिल्ह्यात मोजले, याचा उल्लेख नव्हता. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या मला तो प्रश्न सुचला नाही. "होऊ द्या पाचशे," असे मी म्हणालो. ५२० फुटांना धुरळाच होता. त्या पैशात बागेला नवा ठिबक संच आणि वर टँकरचे पाणीही झाले असते. गाडी गेल्यावर आबा एवढेच म्हणाले, "अरे, आपल्या विहिरीला पाणी वीस फुटांवरच्या मांजऱ्यातून येतं. खाली कातळ आहे, तो मी स्वतः सुरुंग लावून फोडलाय. मला विचारायचं होतंस."

पहिले पुस्तक विहिरीचे

आबांच्या त्या वाक्यात भूशास्त्राचा निम्मा धडा होता. इंटरनेटवर काहीही शोधण्याआधी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या उघड्या विहिरीचा काठ नीट पाहावा. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते, तेव्हा हे काम चांगले होते. विहिरीत उतरण्याची गरज नाही. आतील डिझेल इंजिन चालून गेलेले असल्यास किंवा विहीर बरेच दिवस बंद असल्यास तर मुळीच उतरू नये. वरून आरशाने ऊन आत पाडले तरी थर दिसतात.

वर काळी माती, तिच्याखाली मुरूम. मुरूम म्हणजे कुजलेला, झिजलेला खडकच. त्याखाली बहुधा मांजऱ्या लागतो. लाव्हा थंड होताना त्यातील वायू निसटले, त्यांची भोके राहिली आणि पुढे पुष्कळशा भोकांत पांढरे, हिरवे खनिज भरले. असा हा मऊसर, ठिपक्यांचा खडक. तो झिजलेला व भेगाळलेला असेल तर पाणी धरतो. त्याखाली घट्ट कातळ. कातळाच्या अंगात पाणी मुरत नाही. त्याला भेगा असतील तरच त्यातून पाणी येते. काही विहिरींत दोन कातळांच्या मध्ये विटकरी रंगाचा गेरूचा थर दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर व दुसरा त्यावर पसरण्यापूर्वी जो काळ गेला, त्यात वरचा भाग झिजून हा थर झाला. "गेरू लागला की पाणी लागलेच" असे मोबाइलवर वारंवार ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. गेरू चिकण असतो, त्यातून पाणी सहज वाहत नाही. पाणी असलेच तर ते त्याच्या लगतच्या सांध्यात किंवा त्याच्याखालच्या मांजऱ्यात असते. शिवाय बोअरमध्ये गेरू ढासळतो, तेथे केसिंग न घातल्यास पंप अडकण्याची भीती असते.

जमिनीपासून किती फुटांवर कोणता थर व पाझर कोणत्या बाजूने, हे वहीत लिहून ठेवावे. यापुढे जी माहिती मिळेल ती या नोंदीशी ताडून पाहायची आहे.

मराठीतून सुरुवात

वाचनाची सुरुवात मराठी विश्वकोशापासून करावी. तो आता इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे. त्यातील 'दक्षिण ट्रॅप' ही नोंद शांतपणे दोनदा वाचली तर महाराष्ट्राचा खडक कसा तयार झाला हे समजते. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग याच काळ्या अग्निजन्य खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. विश्वकोशाचे छापील खंड काही दशकांपूर्वीचे असल्याने काही आकडे जुने वाटतील. उदाहरणार्थ, या लाव्ह्याचे वय जुन्या पुस्तकांत बहुधा ६.५ कोटी वर्षे दिलेले असते, तर अलीकडच्या मोजणीनुसार ते सुमारे ६.६ कोटी येते. असा फरक दिसला म्हणून जुने लिखाण टाकून देऊ नये. मोजण्याची साधने सुधारली, एवढाच त्याचा अर्थ.

'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला. सह्याद्रीचे डोंगर दुरून पाहिले की पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, त्यावरून तो या खडकाला चिकटला. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, इंग्रजी पान मोबाइलवर आपोआप मराठीत करून वाचणारे पुष्कळ आहेत. तसे करताना 'ट्रॅप'चा सापळा होतो आणि खडकातील 'फॉल्ट'चा दोष किंवा चूक होते. फॉल्ट म्हणजे विभंग. जेथे खडक फाटून एक बाजू दुसरीच्या तुलनेत सरकली ती रेषा. यंत्राने केलेले भाषांतर वाचताना वाक्य विचित्र वाटले, तर मूळ इंग्रजी शब्द पाहून घ्यावा. मुलगा-मुलगी कॉलेजात असल्यास हे काम त्यांच्याकडे द्यावे.

परदेशी पुस्तक वाचावे, पण आकडे उसने घेऊ नयेत

भौतिक भूशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण हवे असेल तर कॅनडातील स्टीव्हन अर्ल यांचे 'फिजिकल जिऑलॉजी' हे इंग्रजी पाठ्यपुस्तक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. पहिली आवृत्ती २०१५ ची, दुसरी २०१९ ची. भाषा सोपी, आकृत्या भरपूर. ज्वालामुखी, खडकांची झीज व माती आणि भूजल ही तीन प्रकरणे आपल्या कामाची आहेत. हिमनद्यांचे प्रकरण आपण सोडून दिले तरी चालेल. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची भूजलावरील पानेही शाळकरी मुलाला समजतील इतकी सोपी आहेत. आपल्या आयआयटी संस्थांच्या एनपीटीईएल उपक्रमात भूविज्ञानाची व्याख्याने चित्रफितींच्या रूपात आहेत. ती इंग्रजीत असून थोडी जड जातात.

या सर्वांतून तत्त्व शिकावे. आकडे मात्र आपल्या खडकाचेच घ्यावेत. असे का, ते एका हिशेबाने पाहू.

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याखाली एक मीटर जाडीचा थर पाण्याने भरलेला आहे असे धरा. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळात शंभर भागांपैकी सुमारे १६ भाग पाणी वाहून बाहेर येऊ शकते. तेव्हा त्या एकरातून साधारण साडेसहा लाख लिटर पाणी मिळेल. झिजलेल्या, भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये हेच प्रमाण १ ते ३ भाग धरतात. दोन भाग धरल्यास मिळतात अवघे ८१ हजार लिटर. क्षेत्र तेवढेच, थर तेवढाच. पाण्यात आठपट फरक. हे आकडे देशातील भूजल मूल्यांकनासाठी ठरविलेल्या पद्धतीतील आहेत.

यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नाही. रावेर-यावलचा केळी उत्पादक तापीच्या गाळावर शेती करतो. त्याचा बोअरचा अनुभव त्याच्यासाठी खरा आहे, पण तो पारनेर किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याने उचलला तर फसगत होईल. गडचिरोली, गोंदियाकडे तर खडकच वेगळा, फार जुना ग्रॅनाइट व पट्टिताश्म. चंद्रपूरकडे वालुकाश्म आहे. कोकणात वर जांभा. म्हणून कोणतीही चित्रफीत किंवा लेख पाहताना पहिला प्रश्न, "हे कोणत्या खडकाबद्दल आहे?" याचे उत्तर पहिल्या पाच मिनिटांत मिळाले नाही तर पुढे पाहण्यात वेळ घालवू नये.

मोजलेली माहिती कोणाकडे आहे?

तीन सरकारी संस्थांची माहिती मोजमापावर आधारलेली आहे.

पहिली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. ही संस्था १८५१ पासून काम करीत आहे. तिच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर देशाचे भूशास्त्रीय नकाशे पाहता येतात. येथे दोन ठिकाणी वाचक अडखळतो. एक म्हणजे नावे. पारनेर किंवा करमाळ्याच्या नकाशात 'दिवेघाट' असे नाव दिसले तर नकाशा चुकला असे समजू नये. लाव्ह्याच्या थरांच्या गटाला, तो जेथे चांगला दिसतो त्या जागेचे नाव देतात. कारला, इंद्रायणी, पुरंदरगड ही नावे तशीच आली. त्यातच विद्यापीठांच्या संशोधन लेखांत पोलादपूर, आंबेनळी, बुशे अशी निराळीच नावे भेटतात. तो वाद नाही. एका पद्धतीत थरांची प्रत्यक्ष ठेवण पाहून गट पाडले, दुसरीत रासायनिक घटकांवरून. विहिरीच्या कामासाठी पहिली पद्धत जास्त उपयोगी आहे. नकाशाच्या तळटिपेत 'पाहोएहोए' किंवा 'आ' असे शब्द येतात. हे हवाई बेटांवरील लोकांचे शब्द आहेत. पहिल्या प्रकारात पातळ, भोकाळ असे थर एकावर एक. दुसऱ्यात मध्ये जाड घट्ट कातळ. आपल्या शेतावर कोणता आहे हे कळले तर विहिरीच्या काठावर जे दिसते त्याची संगती लागते.

दुसरी अडचण नकाशाच्या प्रमाणाची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवणूक येथेच होते. हे नकाशे पुष्कळदा ५० हजारास एक या प्रमाणाचे असतात. म्हणजे नकाशावरील एक मिलिमीटर हे जमिनीवर ५० मीटर. दोन एकरांचे चौरस शेत सुमारे ९० मीटर बाजूचे, म्हणजे नकाशावर दोन मिलिमीटरही नाही. पेन्सिलीच्या टोकाएवढे. मोबाइलवर बोटांनी नकाशा कितीही मोठा केला तरी त्यातील माहिती मोठी होत नाही. उपग्रहाच्या चित्रावरील रेषा दाखवून "बरोबर या झाडाखाली बोअर घ्या" असे कोणी सांगत असेल, तर त्या रेषेची जाडीच जमिनीवर किती मीटर होते ते त्याला विचारावे. त्यातही प्रत्येक रेषा पाण्याची नसते. धुळे, नंदुरबार भागात खडकात उभ्या भिंतींसारखे घुसलेले पाषाण, म्हणजे डाइक, पुष्कळ आहेत. डाइक भेगाळलेला असेल तर पाणी वाहून नेतो, घट्ट असेल तर अडवून धरतो. नकाशात दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरी संस्था केंद्रीय भूजल मंडळ. राष्ट्रीय जलधर नकाशांकन कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला. जलधर म्हणजे पाणी धरणारा व देणारा थर. या कार्यक्रमाचे अहवाल मंडळाच्या संकेतस्थळावर आहेत. अहवाल इंग्रजीत व जाडजूड असतो. तो सुरुवातीपासून वाचण्याच्या फंदात पडू नये. सरळ शेवटची कोष्टके उघडावीत. मंडळाने स्वतः घेतलेल्या शोध बोअरची गावे, खोली, कोणत्या खोलीवर पाणी लागले आणि सेकंदाला किती लिटर मिळाले, हे तेथे दिलेले असते. कोरडे गेलेले बोअरही त्यात लपविलेले नसतात. माझ्या दृष्टीने विश्वासार्हतेची याहून मोठी खूण नाही. जो फक्त यशस्वी बोअर दाखवितो त्याच्याकडे माहिती नसून जाहिरात आहे.

सेकंदाला एक लिटर म्हणजे तासाला ३,६०० लिटर. एका एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे दोन लाख लिटर लागतात. म्हणजे हा बोअर ५६ तास चालवावा लागेल. असा हिशेब मांडला की त्या पाण्यावर ऊस होणार की ज्वारी, ते आपले आपणच ठरवू शकतो. "दोन इंची पाणी लागले" या भाषेत हा हिशेब बसत नाही.

कोष्टकातील खोली मात्र जशीच्या तशी घेऊ नये. बेसाल्टचे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे असतात. ओढ्याकाठच्या बोअरला १८० फुटांवर पाणी लागले आणि आपले शेत त्याहून ६० फूट उंच टेकाडावर असेल, तर तोच थर आपल्याकडे साधारण २४० फुटांवर येईल, तोही मध्येच संपला नसेल तर. आमच्या बाबतीत शेजारचा बोअर ओढ्यालगत होता आणि आमची बाग माळावर. हा फरक आम्ही धरलाच नव्हता.

खाली नद्या आहेत या समजाबद्दल दोन शब्द. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तेथे संशोधनासाठी खोल छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टची जाडी सुमारे ३४० मीटर भरली. कोयना परिसरात ती सुमारे ९३० मीटर निघाली. म्हणजे आपला पाचशे फुटांचा बोअर तेथे खडकाच्या निम्म्यातही पोहोचत नाही, आणि पुढे जे आहे ते प्रामुख्याने कातळाचेच थर, अधूनमधून सांधे. उथळ, झिजलेल्या थराचे पाणी दरवर्षी पावसाने भरते. खोल सांध्यातील पाणी मिळाले तरी ते पुन्हा भरण्यास बराच काळ लागतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ (अंमल २०१४ पासून) यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीची वेगळी व्याख्या करून तिच्यावर निर्बंध घातले आहेत, ते यामुळेच. मीही बोअर घेताना हा कायदा उघडून पाहिला नव्हता.

तिसरी आणि आपल्याला सर्वांत जवळची संस्था म्हणजे राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, स्थापना १९७२. राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून ती निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपले पाणलोट क्षेत्र सुरक्षित आहे की अतिशोषित, हे तिच्या अहवालातून कळते. क्षेत्र अतिशोषित असेल तर नवा बोअर हा बहुधा शेजाऱ्याच्याच विहिरीतील पाणी ओढतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे कार्यालय असते. तेथे भूवैज्ञानिक असतात. इंटरनेटवर जे समजले नाही ते त्यांना विचारावे.

वही आणि पिशव्या

विचारायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. विहिरीच्या थरांची नोंद, ऑक्टोबर व मे महिन्यांतील पाण्याची पातळी आणि गट क्रमांक लिहिलेली वही बरोबर न्यावी. पातळी मोजण्यास दोरीला दगड बांधून खुणा केल्या तरी पुरे. तीन वर्षांच्या अशा नोंदी असतील तर आपल्या शेतापुरती ती माहिती मोबाइलवरील कोणत्याही माहितीपेक्षा भारी ठरते, कारण ती त्याच गटातील आहे.

आणि कोणाच्याही शेतावर बोअर होत असेल तर तेथे छोट्या प्लॅस्टिक पिशव्या घेऊन उभे राहावे. दर दहा फुटांना बाहेर पडणाऱ्या चुऱ्याची मूठभर एका पिशवीत घालावी व खोली लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. ठिपक्यांचा चुरा मांजऱ्याचा, काळा कोरडा कातळाचा, विटकरी चिखल गेरूचा. आमच्या ५२० फुटांच्या ५२ पिशव्या झाल्या असत्या. तेव्हा एकही भरली नाही. गेल्या वर्षी चुलतभावाच्या बोअरला मात्र भरल्या. शेत ओढ्यालगतच आहे. ११० फुटांपर्यंतच्या अकरा पिशव्या आहेत. ११० ला ओला मांजऱ्या व पाणी लागले आणि तेथेच गाडी थांबविली. त्या पिशव्या आबांनी पडवीतल्या फळीवर क्रमाने मांडून ठेवल्या आहेत. आता गावात कोणाला बोअर घ्यायचा असला की तो आधी आमच्या पडवीत येऊन त्या पाहून जातो, मग ओढ्यापासून आपले शेत किती उंच आहे ते आबांबरोबर नळीच्या लेव्हलने मोजतो.